ताकात उरलेला पडदा

मागच्या मंगळवारी आर्वीहून एक ताई ताक न्यायला आल्या. बाटली हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, यावर प्रोबायोटिक लिहिलं नाही. म्हणजे हे तसं नाही का?" त्यांच्या मुलाचं पोट महिनाभरापासून बिघडलेलं होतं, डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि सोबत ताक द्या असंही सांगितलं होतं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी, कॅन उतरवायचे राहिलेले. मी एवढंच म्हटलं की ताक चांगलं आहे, ताजं आहे, औषध मात्र बंद करू नका. त्या गेल्या, पण प्रश्न माझ्याजवळच राहिला. प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जंतू असलेलं. त्याचं नीट उत्तर द्यायला हे लिहिते आहे, आणि त्यासाठी आधी ताकातल्या एका पडद्याबद्दल सांगावं लागेल, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

मी पुसदजवळच्या वरुडला दुग्धतंत्रज्ञान शिकले. नंतर सहा वर्षं एका मोठ्या डेअरीत नोकरी केली आणि आता कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या आमच्या गावात आईसोबत दही, ताक, तूप करते. घरच्या चार गवळाऊ गाई, तीन म्हशी, बाकी दूध शेजारपाजारचं. सकाळी साडेपाचला पहिला कॅन येतो.

डेअरीतली एक रात्र मला विसरता येत नाही. चर्नमधून, म्हणजे घुसळायच्या मोठ्या यंत्रातून, लोणी बाहेर काढलं की खाली ताक उरायचं. ते वाळवून पावडर करायची, नाहीतर दुधात मिसळायचं, असा डेअरीतला रिवाज. त्या दिवशी ड्रायर बंद होता आणि साठवायच्या टाक्या भरलेल्या. रात्रपाळीत ते सगळं ताक सांडपाण्याच्या टाकीकडे सोडून दिलं. पाइपातून जाताना त्याचा फेस जाळीवर चढला, पांढराशुभ्र, दाट, हातात घेतला तरी लवकर न बसणारा. मी तिथं उभी होते आणि मला कळत होतं की हा फेस कशाचा आहे. रजिस्टरमध्ये त्या ताकापुढे फक्त लिटर लिहिले गेले. त्यात काय वाहून गेलं ते लिहायला रकानाच नव्हता.

त्या फेसात हात होता तो दुधातल्या फॅटच्या गोळ्यांभोवती असणाऱ्या पडद्याचा.

दुधात फॅट असतं ते तेलासारखं मोकळं तरंगत नसतं. ते बारीक गोळ्यांच्या रूपात असतं, आणि प्रत्येक गोळीभोवती एक पातळ पडदा असतो. बर्लिनच्या आशेरसन नावाच्या डॉक्टरांनी १८४० सालीच या आवरणाबद्दल लिहून ठेवलं होतं. हा पडदा येतो कुठून, ते कळलं तेव्हा कॉलेजच्या बाकावर बसून माझ्या अंगावर काटा आला होता. कासेतल्या पेशीच्या आत फॅटचा थेंब तयार होतो. त्याच्यावर पहिला पातळ थर पेशीच्या आतच चढतो. मग तो थेंब सरकत सरकत पेशीच्या कडेला येतो आणि बाहेर पडताना पेशीची स्वतःची बाहेरची त्वचा अंगाभोवती लपेटून घेऊन निघतो. म्हणजे गाय नुसतं फॅट देत नाही, आपल्या पेशीचं पांघरूण सोबत देते. आत एक थर आणि बाहेर दोन, असा तिपदरी पडदा. जाडी साधारण दहा ते वीस नॅनोमीटर. केसाचे उभे हजारो पापुद्रे काढले तर त्यातला एक या मापाचा होईल.

या पडद्यात फॉस्फोलिपिडं, म्हणजे फॉस्फरस असलेले स्निग्ध पदार्थ, असतात; त्यांतलं स्फिंगोमायलिन हे मेंदूत आणि मज्जातंतूंच्या वेष्टणातही सापडणारं. प्रथिनं असतात, त्यांतल्या काहींच्या अंगावर साखरेच्या साखळ्या लोंबत असतात. म्युसिन-१, ब्युटिरोफिलिन, लॅक्टॅडेरिन, झँथीन ऑक्सिडेज अशी त्यांची नावं. म्युसिन हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोळी केवढी? गाईच्या दुधात सरासरी चार मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हशीच्या दुधात जरा मोठी. गंमत अशी की दह्यातला लांबट जंतूही साधारण तेवढ्याच लांबीचा असतो, दोन-चार मायक्रॉनचा. दोघं एकमेकांच्या खांद्याला खांदा लागणारे. आणि गोळ्या इतक्या की एका लिटर दुधातल्या सगळ्या पडद्यांचं क्षेत्रफळ काढलं तर सुमारे सत्तर चौरस मीटर भरतं. मी हे गणित मांडलं तेव्हा सहज टेप घेऊन आमचं अंगण मोजलं. गोठ्यासमोरच्या कडुनिंबापासून तुळशीपर्यंत सारवलेली जागा तेवढीच आहे. एका लिटरच्या भांड्यात आमचं अख्खं अंगण.

गोळी मोठी तर त्याच वजनाच्या फॅटला पडदा कमी लागतो, जसा एका मोठ्या गठ्ठ्याला दहा लहान गठ्ठ्यांपेक्षा कमी कापड लागतं. म्हणून फॅटच्या मापानं पाहिलं तर गाईच्या दुधात पडदा जास्त. दूध संकलनात भाव मात्र फॅट आणि एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागाचा. आमच्या गवळाऊ गाईचं दूध मशीनवर म्हशीपुढे हरतं, काकाजी लोक मान हलवत पावती घेतात, आणि पडद्याचा भाव कोणी विचारत नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं. बोरच्या जंगलाच्या कडेनं नंद गवळ्यांनी पिढ्यानपिढ्या ही गाय सांभाळली, ऊन सोसणारी, शेतात चालणारी, आणि तिच्या दुधाला आपण एकाच आकड्यानं तोलतो.

आता घुसळणं.

आमच्याकडे यंत्राची रवी आहे, पण घरच्यापुरतं आई अजूनही खांबाला दोरी लावून लाकडी रवीनं घुसळते. मी तिच्याशेजारी थर्मामीटर घेऊन बसले होते एकदा. पहिली दहा मिनिटं डेऱ्यातून भरडा, ओला आवाज येतो. मग फेस वर चढतो, रवी जड होते, दोरी ओढताना आईच्या मनगटाची शीर दिसायला लागते. आणि मग एका क्षणी आवाज फुटतो. घट्टपणा एकदम मोडतो, पाण्यासारखी खळखळ सुरू होते, रवीच्या पाकळ्यांना मोहरीएवढे पिवळसर कण लागतात. आई थांबते, वाकून पाहते, तांब्याभर पाणी टाकते. उन्हाळ्यात माठातलं गार, थंडीत कोमट. मी विचारलं, "किती टाकतेस ते कसं समजते?" म्हणाली, "आवाज सांगते न व. ऐक ना जरा." थर्मामीटरनं चौदा दाखवले. दर वेळी तिचं पाणी पडलं की पारा तिथंच एखाद्या अंशाच्या फरकानं येतो.

त्या एका क्षणात जे झालं ते हे : गोळ्या एकमेकींवर आपटून आपटून पडदे फाटले, आतलं फॅट एकमेकांना भेटलं आणि लोणी झालं. फाटलेले पडदे गेले कुठं? बरेचसे ताकात. थोडे लोण्यात अडकलेल्या पाण्यासोबत राहिले, ते तूप कढवताना तळाला बसले. तीच बेरी. आपण भाव देतो तुपाला, आणि तूप म्हणजे बहुतेक सगळे पडदे उतरवून ठेवलेलं फॅट. ताकात स्निग्धांश थोडाच, पण त्या थोडक्यात फॉस्फोलिपिडांचा वाटा दुधापेक्षा कितीतरी मोठा. ताकाला फेस येतो, ते पाण्यात लगेच वेगळं होत नाही, जिभेवर मऊ लागतं, त्यात या तुकड्यांचा हात आहे.

आता जंतूंकडे येते, आर्वीच्या ताईंच्या प्रश्नाकडे.

पोटाला उपकारक जिवंत जंतू आतड्यापर्यंत पोचवायचा म्हणजे त्याला मोठा प्रवास घडवायचा. आधी कारखान्यात वाळवताना मार, मग साठवणीत मार, मग जठरातलं आम्ल, मग पित्त. म्हणून त्याला कशात तरी गुंडाळून पाठवतात. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या मण्यांत, दुधाच्या प्रथिनांत, डिंकात. गेल्या काही वर्षांत संशोधकांना वाटायला लागलं की दुधानं स्वतःच जे वेष्टण बनवलं आहे तेच का वापरू नये? ताकातून हे पडद्याचे घटक वेगळे काढता येतात, फॉस्फोलिपिडं पाण्यात आपोआप बारीक पिशव्या बनवतात, आणि मुख्य म्हणजे काही जंतू या पडद्याला आपणहून चिकटतात.

यातला सगळ्यात अभ्यासलेला जंतू म्हणजे लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी (आधीचं नाव लॅक्टोबॅसिलस). शेरवुड गोरबाक आणि बॅरी गोल्डिन या अमेरिकेतल्या दोघांनी तो निरोगी माणसाच्या पोटातून वेगळा केला, त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं त्याला लागली. याच्या अंगावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. त्या तंतूंवर असं प्रथिन असतं जे आतड्याच्या श्लेष्म्याला पकडतं. श्लेष्मा म्हणजे आतड्याच्या आतला बुळबुळीत थर, आणि त्यातलं मुख्य प्रथिन म्युसिन. आणि दुधाच्या पडद्यावरही म्युसिन जातीचंच प्रथिन, साखरेच्या साखळ्या लोंबवत उभं. तेव्हा जो हात आतड्याला धरतो तोच हात दुधाच्या गोळीच्या पडद्याला धरतो. फ्रान्समध्ये नान्सीच्या संशोधकांनी अतिसूक्ष्म सुईच्या मदतीनं जंतू आणि पडदा एकमेकांना टेकवून, परत ओढताना किती जोर लागतो हे मोजलं. तंतू असलेला जंतू घट्ट धरून बसला. तंतू नसलेल्या त्याच्याच भावंडाची पकड तेवढी नव्हती.

इथवर वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, झालं, ताक हीच होडी. मग त्याच गटाचं २०१८ सालचं काम वाचलं. त्यांनी पाहिलं की जंतू पडद्याला चिकटला की प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींना तो कमी चिकटतो. हात आधीच गुंतलेले. होडी पैलतीराला लागली, पण उतारू होडीचाच काठ धरून बसलाय आणि उतरत नाही. दोन दिवस मी या गोष्टीनं अस्वस्थ होते. आईला सांगितलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मंग तो होडीवालाच चांगला असन. पोट्टं आजीचा पदर सोडते का लवकर?" मला अजून तिच्या या वाक्याइतकं नेमकं वर्णन कुठल्या शोधनिबंधात मिळालेलं नाही.

पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात जंतूंना वाढतानाच दुधाची फॉस्फोलिपिडं दिली, तेव्हा त्यांतल्या काहींची श्लेष्मा बनवणाऱ्या आतड्याच्या पेशींना चिकटण्याची ताकद वाढली. म्हणजे पडदा बाहेरून बांधला तर एक गोष्ट आणि लहानपणापासून त्याच्यात वाढवलं तर दुसरी. कोणता जंतू, पडद्याचा कोणता भाग, किती वेळ सोबत, सगळ्यावर निकाल ठरतो. आणि हे सगळं काचेच्या भांड्यातलं, पेशींच्या थरावरचं. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत काही छापायला माझा हात धजत नाही.

त्याला आणखी कारण आहे. प्रोबायोटिक हा शब्द नुसता कौतुकाचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेनं २००१ साली त्याची व्याख्या केली : जिवंत जंतू, पुरेशा संख्येत, आणि ज्यानं खाणाऱ्याला आरोग्याचा फायदा होतो असे. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जंतूची जात नव्हे तर नेमका वाण ओळखला पाहिजे, त्याची सुरक्षितता तपासली पाहिजे, माणसांवर फायदा दाखवला पाहिजे. अशा पदार्थाच्या दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जंतू हवेत असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, दंडक आहे. माझ्या विरजणात जंतू भरपूर आहेत, पण ते आईनं तिच्या सासूकडून, तिनं आणखी कोणाकडून आणलेलं घरचं विरजण. त्यात कोण कोण राहतं त्याची यादी माझ्याजवळ नाही. ज्याचं नाव मला माहीत नाही त्याच्या नावानं पैसे घेणं मला पटत नाही. म्हणून ताई, बाटलीवर तो शब्द नाही. ताक उणं आहे म्हणून नव्हे.

माझ्याकडे कॉलेजच्या काळात घेतलेलं सेकंडहँड सूक्ष्मदर्शक आहे. मागच्या थंडीत एका रविवारी ताकाचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळवला आणि न्यूमनचा रंग दिला. हा रंग फॅट विरघळवून नेतो आणि जंतूंना निळं करतो. तेलाच्या भिंगातून पाहिलं तर फिकट निळ्या शेतात पांढरी गोल रिकामी घरं दिसली, जिथं गोळ्या होत्या तिथं. आणि कित्येक घरांच्या अगदी कडेला निळे दांडके, निळ्या मण्यांच्या माळा, उंबरठ्यावर बसल्यासारख्या. सगळ्याच नव्हेत, काही मधल्या रानातही भटकत होत्या. कडेला दिसलं म्हणजे चिकटलेलं असं म्हणता येत नाही, वाळताना पाणी ओसरतं तसे जंतूही ओढले जातात. पण मी आईला बोलावलं. तिनं पदरानं चष्मा पुसला, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं. "हे इतकुसे?" म्हणाली. मग खालच्या आवाजात, "आन आपण त्याईले रोज ढवळतो."

पडदा कशानं बिघडतो तेही सांगितलं पाहिजे. दूध होमोजिनाइज केलं की गोळ्यांचे बारीक बारीक तुकडे होतात, पृष्ठभाग कितीतरी पटीनं वाढतो, मूळ पडदा पुरत नाही, मग केसीन हे दुधातलं प्रथिन येऊन उरलेली जागा झाकतं. दूध साठ-पासष्ट अंशांच्या वर तापलं की दुधाच्या पाण्यासारख्या भागातली प्रथिनं पडद्याच्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. आम्ही दह्याचं दूध चांगलं उकळी येईपर्यंत तापवतो, तेव्हा आमच्याही ताकातला पडदा कासेतून निघाला तसा कोरा नसतो. हे माहीत असूनही मी दूध तापवणं सोडणार नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस येतो, क्षय येतो, आमच्या भागात गर्भ टाकणाऱ्या गाई मी पाहिल्यात. पडद्याच्या प्रेमापोटी कोणी कच्चं दूध प्यायला लागू नका, ही हात जोडून विनंती.

आणि आपल्या जुन्या पदार्थांत हिशेब कसा बसतो ते पाहण्यासारखं आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की आई ज्वारीची आंबील करते. पीठ शिजवून गार होऊ देते, बोट बुडवून पाहते, आणि मगच ताक घालते. जंतू जिवंत, पडद्याचे तुकडेही सोबत. कढीत मात्र ताक उकळतं, जंतू मरतात, फॉस्फोलिपिडं उरतात. गोळाभातावर ती कढी पडली की मला जंतूंचं दुःख होत नाही. बेरीचंही तसंच. तूप गाळल्यावर कढईत उरलेल्या तांबूस, खमंग बेरीत फॉस्फोलिपिडं भरपूर असतात. आई त्यात गूळ घालून वड्या थापते. लहानपणी आम्ही भावंडं त्या वड्यांसाठी कढईभोवती बसून राहायचो, आता माझी मुलगी बसते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकाजी तूप करतात. माल चोख, दूरदूरची गिऱ्हाइकं. ताक मात्र रोज गोठ्यामागच्या नालीत. मी दोन महिन्यांपूर्वी त्यांना म्हटलं, तुमचं ताक मला द्या, लिटरमागं पैसे देते. त्यांना वाटलं मी दया करते आहे. "कायले घेतं व? त्यातलं लोणी तं मीच काढून घेतलं. पाणी आहे ते." मी त्यांना ओसरीवर बसवून हे सगळं सांगितलं, पडदा, गोळी, तंतू. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंग मी आतापर्यंत नालीतच टाकलं न हे." चेहरा पडला होता. मी म्हटलं, काकाजी, डेअरीत मी याच्या हजार पटीनं वाहताना पाहिलंय.

आता ते रोज सकाळी सहाला स्टीलचा कॅन घेऊन येतात. मी आम्लता तपासते, वास घेते, गाळते, थोडं आले-मीठ घालून गार करते आणि त्याच दिवशी संपवते. कॅन उतरवताना परवा त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. फेसाचा एक दाट गोळा काठाशी जमला होता. त्यांनी तो बोटानं उचलला, उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहत राहिले आणि मग बोट परत कॅनच्या काठाला निथळून घेतलं, थेंबही खाली पडू न देता.